घरकुल झालं, आता जुन्या सामानातून घर लावाचं आहे. काय घ्यावं, काय नाही?

घाटंजीवाला
नमस्कार मंडळी. घरकुलाचं काम झालं एकदाचं, दोन खोल्या अन् समोर सपरी. सगळा पैसा भिंतीत अन् स्लॅबात गेला, सामानासाठी 15 हजाराच्या वर निघत नाही. जूनमध्ये लग्न आहे. सासरवाडीचे लोक दिवाण-कपाट देतो म्हणून राहिले पण मले त्यांच्यावर बोजा टाकाचा नाही, म्हणून मीच जुन्यात पाहून राहिलो. कपाट, झोपाले काहीतरी, अन् कूलर तर पायजेच. घर नुसतं भरलेलं नको, छान दिसलं पायजे. कुठं पाहू?

सुतारवाडी
भाऊ, पहिले जवळपास कोण जुनं घर पाडून राहिलं ते पाहा. आपल्या इकडच्या जुन्या मातीच्या घरात चौकटी, खिडक्या, खांब लय करून सागवानाचे असतात अन् पाडणाऱ्याले जागा मोकळी कराची घाई असते म्हणून सरपणाच्या भावातही देऊन टाकते. एका कोपऱ्यात चाकूनं जरासं खरवडा, आतून सोनेरी रंग निघाला, तेलकट वास आला, हाताले वजन लागलं तर सागवान. मग ठोकून पाहा, पोकळ वाजलं किंवा मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी आहे, तो तुकडा कितीही स्वस्त असो घेऊ नका. दाराच्या पल्ल्याले पाय लावले का सपरीतला टेबल होते, खिडकीच्या चौकटीत आरसा बसवा, इतकं सुंदर दिसते ना की नव्या प्लायवूडले ते रूप येतच नाही.

पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल लावा, पण पेंटच्या दुकानातलं, तेलघाणीवरचं कच्चं तेल वाळाले लय दिवस घेते. अन् ते तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेते, पसरून वाळवा. सागवान दुसऱ्या गावाहून आणाचं असलं तर आधी वनरक्षकाले विचारा अन् घरमालकाकडून लिहून घ्या.

वर्ध्याची ताई
दादा, लाकूड-लोखंड जुनं घ्या पण गादी, उशी, सोफा अजिबात जुना घेऊ नका. ढेकूण एकदा घरात शिरले की निघत नाहीत.

दिग्रस 77
मेच्या उन्हात टाकली गादी तर मरतात ना ताई ढेकूण, काहून घाबरवता.

वर्ध्याची ताई
वरचं कापड तापतं भाऊ, आत कापसात अन् शिवणीत तेवढी गरमी पोचत नाही. त्यापेक्षा जुनी बाज घ्या, जुनी दोरी काढून लाकडी चौकट-पाय उकळत्या पाण्यानं धुवा, सांधे चांगले पाहा कारण ढेकूण तिथंच बसतात, मग नवी नवार विणून घ्या. पडद्याले आजीचं सुती लुगडं असेल तर काठ खाली येईल असं शिवा, माझ्या खिडकीत तसेच आहेत अन् येणारा प्रत्येक जण विचारतो कुठून आणले.

कूलरवाला
कूलर आताच, थंडीत घ्या, मार्चनंतर भाव चढतात. टाकीचा तळ हातानं दाबून पाहा, गंजून पातळ झालेला नको. ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, नव्याच टाका. मोटर-पंप लावून दाखवाले सांगा अन् तीन पिनचा प्लग, अर्थिंग ठीक करून घेतल्याशिवाय चालू करू नका. पाणी भरताना प्लग काढाचा म्हणजे काढाचाच, आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं जातात.

घाटंजीवाला
लय चांगलं सांगितलं सगळ्यांनी. एका बदली झालेल्या सरांचं गोदरेजचं कपाट भेटून राहिलं, दाराले खाली गंज आहे अन् चाबी नाही. घेऊ का?

सुतारवाडी
मागचा पत्रा अन् तळ पाहा. गंज वरवर असेल तर 80 नंबरच्या पेपरनं घासा, रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल प्रायमर, मारा, वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात. चाबी बनते. पण तळाले भोकं पडली असली तर सोडा, अन् दार बंद करताना घासत असेल तर एकदा खाली पाचर देऊन पाहा, बहुतेक वेळा फरशीच वाकडी असते.