मदत हवी आहे: फुटिंग (कॉलमखालचा पाया) डुलू दिलं तर भूकंपात कॉलम वाचेल का? (महापे)

महापे_साइट:
नमस्कार मंडळी. कंपनीच्या आवारातल्या पादचारी पुलाचं डिझाइन चालू आहे. एकखांबी आधार, फुटिंगसकट भार 800 किलोन्यूटन, वस्तुमान फुटिंगच्या तळापासून 5 मीटरवर. खाली घट्ट मुरूम. कॉलमची मोमेंट (वाकवणारा जोर) पेलायची क्षमता 1000 किलोन्यूटन-मीटर. फुटिंग 3.2 मीटर चौरस धरलंय. ते 2.4 करून रॉक होऊ द्या, म्हणजे भूकंपात डुलू द्या, असा सल्ला मिळाला. लहान फुटिंग जास्त सुरक्षित कसं?

घोडबंदरकर:
सल्ला बरोबर आहे. रॉकिंग मोमेंट = भार × रुंदी ÷ 2 × (1 − 1 ÷ बेअरिंगचा सुरक्षा गुणांक). हा गुणांक म्हणजे जमीन पेलू शकते तो भार ÷ प्रत्यक्ष भार. 2.4 ला गुणांक 6 धरा, 800 किलोन्यूटन-मीटर येते. कॉलम यील्ड व्हायच्या (कायमचा वाकायच्या) आधीच फुटिंगची कड उचलते, शेवटी सगळा भार 40 सेंमीच्या पट्टीवर उरतो. कॉलममध्ये त्याहून जास्त मोमेंट शिरतच नाही, शिअरही (आडवा जोर) 160 किलोन्यूटनवर अडतो. 3.2 ला हीच मोमेंट 1160 च्या आसपास जाते. मग आधी कॉलमच्या बुडाशी हिंज होतो, म्हणजे कॉलम तिथेच बिजागरीसारखा वाकतो: सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर उडतं, सळ्या बकल होतात, पूल कललेलाच राहतो. डुललेलं फुटिंग भारानेच परत बसतं. न्यूझीलंडच्या साउथ रंगिटिकी रेल्वे पुलाचे खांब (1981) असेच पाय उचलतात, जोडीला हेलकावे शमवणारे डँपर आहेत.

महापे_साइट:
मुरूम रिपोर्टपेक्षा घट्ट निघाला तर? आणि कॉलमच्या रिंगा (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या) कमी करता येतील?

घोडबंदरकर:
अगदी खडक लागला तरी 800 × 1.2 = 960 च्या पुढे जात नाही. पण पुलावरची गर्दी आणि उभा धक्का धरला की भार वाढतो, मोमेंटही. म्हणून 1000 मला अपुरी वाटते, 1200 पर्यंत न्या. रिंगा आयएस 13920 (भूकंपासाठीच्या काँक्रीट डिझाइनचं भारतीय मानक) प्रमाणेच ठेवा, एकही कमी नको.

साइटवर हमखास बिघडतं ते पेव्हिंग. काँक्रीट कॉलमला भिडवून ओततात, फुटिंग अडकतं आणि हिंज पेव्हिंगच्या वर सरकतो. भोवती 50 मिमी फट सोडा, दबणाऱ्या फिलरने भरा. प्लिंथ बीमही (जमिनीलगतचा आडवा बीम) तसाच अडवतो.

खाडीकाठ:
हे गणित ऐरोली-वाशीच्या खाडीलगतच्या चिखलात वापरू नका. गुणांक 2-3 वर आला की दर हेलकाव्याला कड रुतत जाते, पूल तिरका बसतो. तिथे पाइलच (खोल ठोकलेले किंवा ओतलेले खांब). मुरमातही फुटिंगच्या कडेला पावसाचं पाणी मुरू देऊ नका, भार पेलते ती कडच.

आणि गर्डरची सीट, म्हणजे पुलाचा गर्डर टेकतो ती जागा, तपासा. फुटिंग 1 टक्का फिरलं तरी 5 मीटरवर 50 मिमी सरकतं, शिवाय कॉलमचं वाकणं वेगळं. भूकंपाच्या झोन 3 चा स्पेक्ट्रम (धक्क्याची तीव्रता ठरवणारा आलेख) घेऊन नॉनलिनियर टाइम हिस्टरी, म्हणजे धक्क्याचं क्षणाक्षणाचं विश्लेषण, करा, सीटची रुंदी त्यातूनच ठरवा.