कुत्रं नेलं की तक्रार निकाली?

बोळातला
सातारा जिल्ह्यातल्या एका पालिकेच्या गावात राहतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर साहेब सुटतील आणि मुकादम अडकेल.

दिवाळीनंतर आमच्या बोळात एक काळी कुत्री व्याली. पिलांजवळून कुणी गेलं की अंगावर यायची. दूधवाल्याच्या पोराची पोटरी धरली तिनं. (त्याच्या आज्जीनं जखमेवर हळद चेपली होती. मी आधी ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लावलं आणि मग सरकारी दवाखान्यात नेलं.) पालिकेत लेखी अर्ज दिला, आवक नंबर घेतला. आठव्या दिवशी गाडी आली आणि जाळीत कोण सापडलं? पानपट्टीखाली झोपणारं म्हातारं लंगडं कुत्रं! त्याला पळता येत नव्हतं, हाच त्याचा गुन्हा. संध्याकाळी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' काळी समोरच्या ओट्यावर बसून सगळं बघत होती.

नंतर भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे 2023 चे सरकारी नियम वाचले. कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू नसबंदीसाठी धरायचं नाही. पिलं दोन महिन्यांची होऊन दूध तुटेपर्यंत त्यांच्या आईलाही नाही. म्हणजे काळीला नसबंदीसाठी नेलं नाही ते बरोबरच. पण मग लंगड्याला का नेलं? आणि चावऱ्या कुत्रीचं पुढं काय करणार, ते मला कोण सांगणार? माझं म्हणणं एवढंच की रजिस्टरात कुत्रं कुठलं, चावलं की नुसतं भुंकलं, नसबंदीची खूण म्हणून कान कापलेला आहे का, पिलं आहेत का, हे रकाने हवेत. आत्ता 'गाडी गेली' एवढंच लिहितात.

पोवई नाका
रकाने वाढवून काय लोणचं घालायचंय? माझ्या बायकोला स्टँडवर चावलं. इंजेक्शन त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चार खाडे, तेही रोजंदारीवर. 'तिथंच सोडायचं' हे ज्यानं लिहिलं त्यानं रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर सायकलवरून घरी येऊन दाखवावं. आणि 7 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला आणि परत तिथं सोडू नका. मग उचला ना!

बोळातला
उचलून ठेवणार कुठं? आमच्याकडं कोंडवाडा आहे तो गुरांचा, आणि त्यातही सध्या भंगार घंटागाड्या आहेत.

रिटायर मुकादम
दोघांचंही ऐकलं, आता माझं ऐका. वीस वर्षं दुसऱ्या गावच्या पालिकेत काढली, त्यातली सहा कुत्र्यांच्या गाडीवर. जाळी घेऊन बोळात शिरलं की एक बाई ओरडते 'का पकडता मुक्या जिवाला', शेजारची ओरडते 'काल का आला नाहीत'. कुत्री गाडीचा आवाज ओळखतात. पहाटे गेलं तरच सापडतात. ठेकेदाराला पैसे मिळतात ते नगावर, त्यामुळं जे बिनबोभाट हाताला लागेल ते उचललं जातं. तुमचं लंगडं त्यातलंच.

पण बोळातले, तुमचा उपाय मला पटत नाही. तक्रार येईल तिकडं गाडी पळवणं हीच मुळात चूक आहे. रेबीज रोखायचा तर एका भागातल्या निदान 70 टक्के कुत्र्यांना लस पोचावी लागते. आज या पेठेतलं एक, उद्या त्या पेठेतलं एक, असं करून दहा वर्षांत हिशेब लागत नाही. आणि तक्रार कोण करतो? ज्याची नगरसेवकाशी ओळख असते तो. झोपडपट्टीत जास्त चावे होतात, तिथून अर्ज येत नाही. चावरं किंवा पिसाळलेलं असेल तर गाडी ताबडतोब गेलीच पाहिजे. बाकी वॉर्डवार. वॉर्ड संपल्याशिवाय पुढं हलायचं नाही. तुमचे रकाने आले की कारकून अजून एक कागद मागणार.

भाकरीवाली
मुकादमकाका, पहाटे जाळी घेऊन पळण्यापेक्षा मला सांगितलं असतं तर मी बिस्कीट दाखवून गाडीत बसवली असती. माझ्याकडची सात कुत्री मीच नेऊन नसबंदी करून आणली. 22 ऑगस्ट 2025 च्या निकालात कोर्टानं म्हटलंय की खायला घालायची जागा प्रत्येक वॉर्डात पालिकेनं ठरवून द्यायची. मी जागा मागून थकले. आणि चिकनच्या गाड्यांवरची घाण रात्री ओढ्यात पडते, त्याची तक्रार कुणीच करत नाही. बाई दिसली की सगळ्यांना नियम आठवतात.

पोवई नाका
ताई, सात आणलीत, चांगलं केलंत. पण घालायचंय तर स्वतःच्या दारात घाला, स्टँडच्या मागं नको.

उसातला
तुम्ही गावातले भांडा, आम्ही भोगतो. पालिकेची हद्द संपली की आमचं शिवार. रात्री कुठला तरी टेम्पो येतो आणि सकाळी पाच-सहा नवीन कुत्री दिसतात. कुणाचा टेम्पो ते माहीत नाही, म्हणून नाव घेत नाही. माझ्या तीन शेळ्या फाडल्या. ग्रामपंचायत म्हणते पंचायत समितीत जा. तिथले डॉक्टर म्हणतात आम्ही औषध देतो, कुत्री धरत नाही. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या 1962 नंबरला फोन केला, गाडी आली, पण मेलेल्या शेळीला सलाईन लावून काय उपयोग?

बिबट्यानं मारली असती तर वनखात्यानं पंचनामा करून भरपाई दिली असती. कुत्र्यानं मारली तर काही नाही. म्हणून आमच्याकडं शेळी मेली की प्रत्येक जण 'बिबट्याच होता' म्हणतो. आणि कुत्री वाढली की त्यांच्या मागं उसात बिबट्या येतोच, ते वेगळं.

रिटायर मुकादम
टेम्पोचं खोटं म्हणणार नाही. पिंजरे भरले की काय होतं ते मी पाहिलंय. ऑपरेशननंतर निदान 4 दिवस कुत्रं ठेवावं लागतं. जागा नसते आणि वरून रोज फोन येतो, 'तक्रारी किती शिल्लक?'

बोळातला
काका, तुम्ही माझीच बाजू मांडताय. 'शिल्लक किती' विचारतात म्हणून टेम्पो निघतो.

आजचं सांगतो. पिलं मोठी झालीत, काळीला आता नेता येईल. भाकरीवाल्या ताईंसारखंच बिस्किटावर बसवायचं ठरवून, फोटो घेऊन पालिकेत गेलो. कारकुनानं आवक नंबर तपासला आणि म्हणाला, "ही निकाली निघाली. नवीन अर्ज लिहा."