नव्या जागेआधी चाळकेवाडीचं पठार बघा

जगाची पवनऊर्जा क्षमता २०२३ मध्ये १००० गिगावॅटच्या पुढे गेली, पण त्या वर्षात भर पडली साधारण ११७ गिगावॅटची आणि एवढ्या वेगाने २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करण्याचं जगाचं उद्दिष्ट गाठता येणार नाही, असं म्हणतात ते पटतं. "आता चांगल्या वाऱ्याच्या जागाच उरल्या नाहीत" असं त्याचं कारण सांगितलं जातं, ते मात्र पटत नाही.

त्या जागांवर जुनी यंत्रं उभी आहेत. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर जून-जुलैत उभं राहून बघा, वारा माणसाला ढकलतो. तिथल्या जुन्या पवनचक्क्यांतल्या कित्येक फक्त ३५० किलोवॅटच्या, बुटक्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, पात्याची लांबी दुप्पट केली की चौपट वारा पकडता येतो. म्हणजे सगळ्यात मोलाचा वारा आपण सगळ्यात लहान यंत्रांना देऊन बसलोय! आजची ३ मेगावॅटची एक चक्की तसल्या आठ-नऊ चक्क्यांचं काम करते. जुन्या चक्क्या काढून तिथेच नव्या मोठ्या बसवण्यासाठी केंद्राचं धोरण २०१६ पासून आहे, २०२३ मध्ये ते सुधारलंही. अडतं ते मालकीत: एकाच डोंगरावर अनेक मालक, प्रत्येकाचा वीजखरेदी करार वेगळा. मोठ्या यंत्रांना परस्परांत अंतरही जास्त लागतं, त्यामुळे सगळ्यांनी मिळून आखणी केल्याशिवाय एकट्याला काही बदलता येत नाही.