अमेरिकेत डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी): कॉलेज कसं निवडावं?

प्रश्न: नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झाली आहे. डीपीटीसाठी कॉलेज निवडताना नेमकं काय बघू?

उत्तर १: आधी कॅप्टेची (फिजिकल थेरपीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी अमेरिकी संस्था) मान्यता. ती नसेल तर पुढे बघूच नका. मान्यता असलेल्या कॉलेजला एनपीटीईचा (परवान्यासाठीची परीक्षा) निकाल, किती जण पदवी पूर्ण करतात आणि खर्च हे सगळं वेबसाइटवर द्यावंच लागतं.

उत्तर २: आणि कृपया ट्रान्झिशनल डीपीटीच्या कमी फीला भुलू नका! ती मुळात आधीच परवाना असलेल्या फिजिओथेरपिस्टसाठी असते, तिला कॅप्टेची मान्यता नसते. नुसत्या तिच्या जोरावर परवाना मिळत नाही.

उत्तर ३: एनपीटीईचा निकाल पहिल्या प्रयत्नाचा विचारा, ‘अल्टिमेट’ आकड्यात पुन्हा बसून पास झालेलेही धरतात. क्लिनिकल पोस्टिंग (रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष प्रशिक्षण) कुठे, तेही विचारा. दूरच्या राज्यात मिळाली तर दोन्हीकडचं घरभाडं अंगावर पडतं.