'हॅलो' स्पष्ट जातं, पण सा लावला की आवाज विरतो. हेडसेटचा माइक गेलाय का?

खर्ज_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेला शास्त्रीय गायन शिकवते. घरी सात-आठ मुलं येतात आणि एक मुलगी न्यू जर्सीहून ऑनलाइन शिकते. आमचा तास सकाळी साडेसहाला, तेव्हा तिच्याकडे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. (मार्चात त्यांची घड्याळं पुढे गेली की नऊ.) सध्या यमन राग चालू आहे, तो रात्रीच्या सुरुवातीला गायचा. माझ्याकडे उजाडत असतं, पण तिच्याकडे अगदी यमनाची वेळ. हा तास मला फार जवळचा आहे, तो बिघडला की दिवसभर चैन पडत नाही.

तासाआधी मी माइक तपासते. 'हॅलो, येतोय का गं आवाज?' ती म्हणते, मस्त येतोय. मग सा लावते. पहिले दोन-तीन सेकंद तिला ऐकू येतो, मग बारीक होत होत विरतो, आणि मी पुढच्या सुरावर गेले की परत उमटतो. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, 'आ'कार तर जेमतेम पोचतो. तानपुरा मुळीच नाही. परवा मंद्र निषादावर, म्हणजे खालच्या नी वर, थांबून रे-ग वर येत होते. तिला निषाद तुटका गेला, आणि तिने तो तसाच तुटका गाऊन दाखवला! दहा वर्षांची पोर आहे, जे कानावर पडेल तेच गळ्यात बसणार. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. हेडसेट वायरचा, तोंडापुढे दांडी येणारा, एकाच पिनचा. आधी गळ्यात अडकवायचा ब्लूटूथवाला घेतला होता, पण त्यात माझा आवाज जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखा जायचा, म्हणून ठेवून दिला. दुकानदार म्हणाला, माइक गेला, नवीन घ्या. पैसे घालायच्या आधी इथे विचारते.

पिन_आणि_सॉकेट

ताई, आधी दोन साध्या गोष्टी बघा. वायरवर आवाजाची छोटी डबी असते, तिच्यावर माइक बंद करायचं बटण असतं. ते अर्धवट सरकलेलं नाही ना? आणि पिनवर काळ्या रिंगा किती आहेत? तीन हव्यात. दोनच असतील तर त्या पिनेतून माइक जातच नाही, नुसतं ऐकू येतं, आणि अशा वेळी लॅपटॉप गुपचूप स्वतःचा आतला माइक वापरत राहतो.

तसं होतंय का हे ओळखायची माझी पद्धत: कॉलवर असताना दांडीच्या टोकाला नखाने हलकंच खरवडायचं. पलीकडच्याला कर्रकर्र ऐकू आलं तर हेडसेटचा माइक चालू. मग लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला खरवडा (आतला माइक बहुधा तिथेच असतो). तिथली खरखर जास्त मोठी गेली तर चुकीचा माइक निवडलेला आहे.

रेडिओवेडा_नाशिक

ताई, तुमचं वर्णन वाचल्यावर मला वाटतं माइक ठणठणीत आहे. माइक गेला की 'हॅलो'सुद्धा नीट जात नाही. इथे बोलणं जातंय आणि लांबवलेला सूर जात नाही, म्हणजे मध्ये कोणीतरी सूर पुसतंय.

कॉलच्या जवळपास सगळ्या अ‍ॅपमध्ये गोंगाट काढून टाकायची सोय असते. ती पंखा, मिक्सर, बाहेरचा पंप असे सलग, एकसारखे आवाज शोधून दाबते. बोलणं मात्र सारखं बदलतं, तुटतं, परत सुरू होतं, म्हणून ते ती जाऊ देते. आता तुमचा स्थिर षड्ज, म्हणजेच सा, बघा. दहा सेकंद न हलणारा सूर, आणि मागे तानपुरा. त्या यंत्राच्या हिशोबी तो पंखाच. जितका सूर स्थिर तितका तो पुसला जाणार. तुमच्या आयुष्यभराच्या रियाजाला तिथे गोंगाट समजलं जातंय, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

हे खरं की खोटं, ते दहा मिनिटांत कळेल. लॅपटॉपमधला साधा साउंड रेकॉर्डर उघडा, हाच हेडसेट लावा आणि तासात जसं गाता तसं गा. 'हॅलो' म्हणू नका. मंद्र निषादावर थांबा, खर्जात उतरा, मग वरच्या सा पर्यंत जा. ऐका. तिथे सूर अखंड असेल तर माइक, वायर, पिन तिन्ही सुटले, दोष अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये. तिथेही तुटत असेल तर दुकानदार बरोबर.

तुम्ही कोणतं अ‍ॅप वापरता ते लिहिलं नाहीत. झूम असेल तर सेटिंग्जमध्ये ऑडिओत 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असा पर्याय आहे, तो निवडा. तेवढ्यावर थांबू नका: कॉल सुरू झाल्यावर पडद्याच्या वरच्या बाजूला त्याच नावाचं बटण दिसतं, तेही चालू आहे ना बघा. मीट असेल तर सेटिंग्ज, ऑडिओ, आणि नॉइज कॅन्सलेशन बंद. कुठेही माइकची पातळी आपोआप कमी-जास्त करण्यावर टिक असेल तर ती काढा, नाहीतर तुम्ही तार सप्तकात गेलात की ते आवाज खाली ओढतं आणि मंद्रात आलात की वर, तुमचा चढउतार सपाट होतो.

एक राहिलं. ही काटछाट साधारणपणे ज्याच्याकडून आवाज निघतो त्याच्या यंत्रावर होते. म्हणून मुलीच्या लॅपटॉपवरही हे बदल करायला सांगा, नाहीतर तिचा सूर तुम्हाला तुटका येईल आणि तुम्ही उगाच तिला रागवाल.

ब्लूटूथबद्दल तुमचा कान बरोबर आहे. गाणी ऐकताना ब्लूटूथ एका पद्धतीने चालतं, पण माइक उघडला की ते फोनच्या पद्धतीवर उतरतं. तिथे बहुतेक हेडसेट आवाजाचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने घेतात. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा असायचा. तुमची पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी) धरली तर मधला षड्ज साधारण २०८ हर्ट्झवर येतो, म्हणजे षड्जाचा पायाच त्या पट्ट्याच्या बाहेर राहतो. शिकवायला वायरचाच वापरा.

खर्ज_मिरज

दादा, काल रात्री रेकॉर्ड करून ऐकलं. सूर अखंड आहे! डोळ्यांत पाणी आलं हो. महिनाभर वाटत होतं की माझाच दमसास कमी पडतोय.

माझी पट्टी काळी चारच आहे.

अ‍ॅपमधली ती सोय उघडून बंद केली. भाचीला कोल्हापूरहून कॉल लावला, ती म्हणाली, आत्या, आता तानपुरासुद्धा येतोय. पण आता नवीनच एक आवाज तिला येतोय, खालून 'घुंऽऽ' असा सतत. रेकॉर्डिंग नीट कान देऊन ऐकलं तर त्यातही तो बारीक आहे. पंखा बंद केला तरी जात नाही. आणि फ करताना, भ करताना धप्प असा फुंकरीचा आवाज येतो. ते कसं घालवायचं?

पिन_आणि_सॉकेट

तो घुं आधीपासूनच असणार, आत्तापर्यंत अ‍ॅप झाकत होतं. चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवा आणि परत रेकॉर्ड करा. घुं गेला तर तो विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण माइकच्या वायरीत शिरते. चार्जर दोन पिनांचा असेल किंवा भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर हे हमखास होतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का? येत असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्याच. गाण्यासाठी नव्हे, जिवासाठी. तोवर तास बॅटरीवर घ्या.

फुंकरीसाठी दांडी ओठांसमोर ठेवू नका. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला, गालाच्या रेषेत. स्पंजची टोपी असेल तर चढवा.

खर्ज_मिरज

चार्जर काढला आणि घुं गेला. झिणझिण्या येत होत्या, मी कधी मनावर घेतलं नव्हतं. वायरमन येऊन गेला, त्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. आता जोडली.

आज सकाळी तास झाला. सव्वासहालाच बसले. हेडसेट लावला, नखाने खरवडून बघितलं, मग मंद्र निषाद, सा आणि 'फ'च्या दोन ओळी रेकॉर्ड करून स्वतः ऐकल्या, दांडी किंचित खाली केली. पाच मिनिटंही लागली नाहीत. तिच्या आईने त्यांच्या लॅपटॉपवरही सेटिंग बदलून ठेवलं होतं.

मी सा लावला आणि मुद्दाम लांबवला. थांबल्यावर पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, गेलं परत सगळं. तर ती म्हणाली, "ताई, तुमच्या मागे तानपुरा असतो हे मला माहीतच नव्हतं." मग तिने निषाद लावला. अख्खा. रे वर येईपर्यंत सोडला नाही.