रानटर्कीसाठी ट्रम्पेट कॉल, नवख्याला कुठला बरा?

वडगावकर: एप्रिलात अमेरिकेत मिसुरीला भावाकडं जायलोय, तो रानटर्कीच्या (कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी) शिकारीला नेणार म्हणतोय, लायसन वगैरे तोच बघतोय. मला ट्रम्पेट कॉलच, म्हणजे टर्कीची हाक काढून तिला जवळ बोलवायची नळी, वाजवायला शिकायचाय. भावानं त्याचा जुना एक पाठवून दिलाय, पण दोन दिवस फुंकतोय आणि नुसतं फुस्स. नवीन कुठला घेऊ?

खानापूरवाला: अरे मर्दा, तो फुंकत नाहीत, ओढतात! मुका घेतल्यासारखं ओठ आवळून थोडी थोडी हवा आत ओढ, मग मादीची हाक निघती. जुने लोक टर्कीच्याच पंखातली हाडं जोडून करायचे, विंगबोन म्हणतात त्याला. नवीन घेणारच तर नळीवर ओठ टेकायला चकती असलेला घे, ओठ दरवेळी एकाच जागी बसतो.

शहापूरची: सोपंच पायजे तर बॉक्स कॉल, म्हणजे तसलीच हाक काढायची लाकडी डबी, घ्या की, झाकण घासलं की झालं. फक्त खडू लावत बसा आणि पावसात भिजला की संपला.

खानापूरवाला: आणि सराव घरातच हं, इकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद हाय, रानात वाजवत बसलास तर फॉरेस्टवाले येतील.

वडगावकर: ओढून बघितलं, 'क्यांव' आला! आई परसात बघून आली, कुणाची कोंबडी शिरली म्हणून.