चूक होईल या भीतीने मुलगा गणित सोडवायलाच बसत नाही

प्रश्न : तिसरीतल्या मुलाची आई

माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. गेल्या वर्षापर्यंत तो गणिताची वही आपणहून काढत असे, परंतु हातच्याची वजाबाकी सुरू झाल्यापासून त्याचे वागणे बदलले आहे. उदाहरण लिहून झाले की तो माझ्या चेहऱ्याकडे पाहतो, तिथे जराशी शंका दिसली की उत्तर बरोबर असले तरी खोडून टाकतो, आणि खोडरबर इतका घासतो की कागद फाटतो. शाळेतून वहीवर लाल फुली आणि ‘लक्ष दे’ एवढाच शेरा येतो. नेमके कशाकडे लक्ष द्यायचे, ते त्याला कळत नाही आणि मलाही कळत नाही. अलीकडे तर ‘आधी तू करून दाखव, मग मी लिहितो’ असे म्हणून तो नवे उदाहरण करायलाच नकार देतो.

आम्ही घरी त्याला रागावत नाही. ‘चुकलं तरी चालेल’, ‘चुकतचुकतच माणूस शिकतो’ असे मी त्याला सांगत आले, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. उलट त्यानेच मला विचारले, की चालतं तर मग फुली का मारतात? चूक हा शिकण्याचा भाग आहे हे त्याला मनापासून पटावे यासाठी घरी काय करता येईल? वर्गशिक्षिकांशी याविषयी बोलावे का, आणि बोलायचे तर कसे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न अगदी रास्त आहे. ‘चुकलं तरी चालेल’ हे मुलांना पटत नाही, कारण वहीत ते खरोखरच चालत नसते. ६२ मधून ३८ गेले की २४ उरतात. ३६ हे उत्तर चालत नाही, आणि ते चालते असे मुलाला सांगूही नये. त्याला सांगायचे ते इतकेच, की हे ३६ कुठून आले ते आपण दोघांनी मिळून शोधू.

६२ − ३८ = ३६ असे लिहिणारे मूल निष्काळजी नसते. एककाच्या घरात २ मधून ८ जात नाहीत हे त्याने पाहिलेले असते, ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’ हे पहिलीत शिकलेले त्याला आठवते, आणि म्हणून ते ८ मधून २ वजा करून ६ लिहिते. त्या मुलाची वही नीट चाळली, तर हातचा न लागणारी उदाहरणे बरोबर आणि हातचा लागणारी बहुतेक सगळी एकाच पद्धतीने चुकलेली आढळतात. अशा मुलाला ‘लक्ष दे’ म्हटले तर ते अधिक लक्ष देऊन तेच पुन्हा करते, पुन्हा फुली मिळते, आणि आपल्यातच काही कमी आहे असे त्याला वाटू लागते. माझ्या मते भीतीचे मूळ इथे आहे : मुलाने विचार करून काहीतरी केलेले असते, आणि ते काय होते हे कोणीही विचारत नाही.

दुसरा नमुना पाहा. ३०५ − १४७ चे उत्तर मूल २५८ लिहिते, बरोबर उत्तर १५८ आहे. उत्तर नेमके शंभराने जास्त आले आहे. दशकाच्या घरात शून्य असल्यामुळे एककाला द्यायला तिथे काही नव्हते, फळ्यावर अशा वेळी शून्याचे नऊ होतात हे मुलाने पाहिले होते म्हणून त्याने तसे केले, पण ते नऊ शतकाच्या घरातला एक सुटा केल्यामुळे आले होते हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून ३ चे २ करायचे राहिले. या मुलाला हातचा येतो, फक्त शून्य ओलांडून पलीकडे जाणे शिकायचे राहिले आहे. पहिल्या मुलाला आणि या मुलाला एकच शेरा देऊन भागणार नाही.

घरी करण्याजोगे असे की, आधी खोडरबर बाजूला ठेवावा. चुकलेल्या उत्तरावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवे उत्तर लिहू द्यावे, म्हणजे आधी काय केले होते ते डोळ्यांसमोर राहते. मग ‘हे कसं केलंस ते मला सांग’ असे विचारून मध्ये न बोलता ऐकावे. हा प्रश्न बरोबर उत्तरालाही तितक्याच वेळा विचारला पाहिजे. केवळ चुकल्यावर विचारलात, तर मूल त्या प्रश्नालाच चुकीची खूण समजेल, जसा तो आज तुमचा चेहरा वाचतो आहे.

त्यानंतर काड्या घ्याव्यात. रबरबँड लावलेले दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवून त्यातून अडतीस काढायला सांगावे. गठ्ठा सोडल्याशिवाय त्याला पुढे जाता येणार नाही, आणि हातात चोवीस काड्या उरल्यावर वहीतल्या ३६ कडे तो आपणहून पाहील. तुम्ही काही म्हणण्याची गरज नाही. याशिवाय त्याला ताळा पाहण्याची सवय लावावी. ३६ मध्ये ३८ मिळवले तर ७४ होतात, ६२ होत नाहीत, म्हणजे उत्तर बरोबर की चूक हे त्याला आईला न विचारता ठरवता येते. माझ्या वर्गात भिडस्त मुलांना सर्वांत जास्त धीर आला तो या ताळ्याने.

उत्तर : पाचवीतल्या मुलीचे वडील

बाईंचे म्हणणे मला मान्य आहे, मात्र प्रत्येक चुकीमागे असा विचार असतोच असे नाही. सात आठे चोपन्न म्हणणाऱ्या मुलाला छप्पन्न आठवत नसते इतकेच, तिथे पाढा पाठ करण्याला पर्याय नाही. हल्ली चुकीबद्दलही टाळ्या वाजवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती मला मुलांची दिशाभूल करणारी वाटते. पुढे परीक्षाही आहेतच : शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली, आणि त्यात व पुनर्परीक्षेतही अपयश आले तर मुलाला त्याच वर्गात बसावे लागते. चुकीला घाबरू नये हे खरेच, पण अचूकतेची गोडीही त्याच वयात लागायला हवी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. काड्या आणि ताळा दोन्ही सुरू केले आहे. ‘कसं केलंस’ असे विचारल्यावर मला न सुचलेली एक गोष्ट कळली : वर्गात उदाहरण तोंडी सांगतात तेव्हा तो ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहितो, त्यामुळे पुढची वजाबाकी बरोबर करूनही त्याचे उत्तर चुकते. ताळा पाहणे त्याला आवडते, परंतु ताळा जुळला नाही की तो अजूनही वही मिटून उठतो. ‘अरे, तू तर हुशार आहेस’ असे म्हणून मी त्याला पुन्हा बसवते, पण तेवढ्याने तो बसत नाही.

उत्तर : शिक्षक-प्रशिक्षणात काम करणारा वाचक

त्रेपन्नचे ३५ होणे ही मराठी मुलांच्या बाबतीत अगदी समजण्यासारखी चूक आहे, कारण आपण बोलताना एकक आधी आणि दशक नंतर उच्चारतो, तर लिहिताना दशक आधी लिहितो. ‘एकोणसाठ’ तर याहून अवघड, तिथे कानावर साठ पडते आणि लिहायचे असतात ५९. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांच्या जोडीला ‘पन्नास तीन’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले. त्यावरून मोठा वाद झाला, आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू जाहीरपणे मांडली होती. त्या वादात कोणाचे काहीही मत असो, तुमच्या मुलाला हे कारण अवश्य सांगा. संख्या ऐकल्यावर त्याने ‘पन्नास आणि तीन’ असे मनात म्हणून मग लिहावे. आपली चूक आपल्या मंदपणामुळे झालेली नसून तिला एक सांगता येण्याजोगे कारण आहे हे समजले, की मुलाच्या मनावरचे ओझे खरोखर हलके होते.

वर बाईंनी वजाबाकीच्या चुकांविषयी जे लिहिले आहे, त्याला अभ्यासाचाही आधार आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतील चुका संगणकाच्या साहाय्याने तपासून दाखवले, की त्यांतील अनेक चुका सातत्याने वापरलेल्या एखाद्या सदोष नियमातून जन्मतात, आणि तो नियम ओळखता आला तर मूल पुढच्या उदाहरणाचे कोणते उत्तर लिहील हेही आधी सांगता येते.

‘तू हुशार आहेस’ हे मात्र थांबवावे असे मी आग्रहाने सांगेन. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत सुमारे पाचवीच्या वयाच्या मुलांना पहिल्या यशानंतर काहींना बुद्धीबद्दल, तर काहींना मेहनतीबद्दल शाबासकी दिली होती. पुढे मुद्दाम अवघड उदाहरणे दिली, तेव्हा बुद्धीची स्तुती झालेली मुले लवकर खचली आणि त्यानंतरच्या उदाहरणांत त्यांची कामगिरी घसरली. हुशार म्हटलेल्या मुलाला प्रत्येक चूक त्या हुशारीविरुद्धचा पुरावा वाटते. तथापि ‘मी प्रयत्नाने शिकू शकतो’ अशी वाक्ये मुलांना शिकवण्याचे परिणाम नंतरच्या मोठ्या अभ्यासांत बरेच माफक निघाले आहेत, त्यामुळे भिंतीवर सुविचार लावून फार काही साधेल असे मला वाटत नाही. त्याने काय केले तेच नेमके सांगावे : ‘तू गठ्ठा सोडलास आणि दशकातून एक कमी करायला विसरला नाहीस.’

शेऱ्यांबाबत रूथ बटलर यांचा १९८८ चा इस्रायलमधील अभ्यासही महत्त्वाचा आहे. ज्या मुलांना केवळ लेखी अभिप्राय मिळाला, त्यांची कामगिरी सुधारली आणि कामातला रसही टिकला, पण अभिप्रायाबरोबर गुणही दिले तेव्हा तो लाभ दिसला नाही. मुलांचे सारे लक्ष गुणांकडे गेले.

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

वर्गशिक्षिकांशी जरूर बोला. ‘फुली मारू नका’ अशी मागणी घेऊन गेलात तर संभाषण तिथेच अडेल, कारण त्यांच्यापुढे साऱ्या वर्गाच्या वह्यांचा ढीग असतो आणि प्रत्येक चुकीजवळ सविस्तर लिहिणे त्यांना शक्य नसते. त्याऐवजी एकाच प्रकारे चुकलेली दोन-तीन उदाहरणे उघडून दाखवा, तो संख्या उलट लिहितो हे सांगा, आणि खोडण्याऐवजी रेघ मारलेले उत्तर वहीत चालेल का, हे आधीच विचारून घ्या. अनेक शाळांत वहीच्या नीटनेटकेपणालाही महत्त्व असते, त्यामुळे घरची नवी पद्धत त्यांना बेशिस्त वाटू शकते. राज्यात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी जे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यातील आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आणि प्रात्यक्षिक यांना जागा आहे, आणि शिक्षिकेने वर्णनात्मक नोंदीही ठेवायच्या असतात. ‘तोंडी संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल होते’ ही माहिती त्यांना तिथे उपयोगी पडेल.

ताळा जुळला नाही की तो उठून जातो, तर त्याला लगेच परत बसवू नका. दुसऱ्या दिवशी तुम्हीच एक उदाहरण मुद्दाम चुकवून सोडवा, त्याखाली न जुळणारा ताळाही लिहा, आणि ‘या मुलाने कुठे काय केलं असेल?’ असे त्याला विचारा. दुसऱ्याच्या चुकीत डोके घालायला मुलांना भीती वाटत नाही, किंबहुना ते काम त्यांना आवडते. सुरुवात हातचा एकदाच लागेल अशा दोन अंकी संख्यांपासून करा, शून्य असलेली उदाहरणे बऱ्याच उशिरा द्या. चूक सापडली की ती दुरुस्तही त्यालाच करू द्या, आणि तोवर पेन्सिल आपल्या हातात घेऊ नका.